गाढवाईचा दवाखाना असते काय?

हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जिथं जिथं अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय. ज्यांना एसटीत नेटवर्क मिळत नाही किंवा दुकानाच्या गल्ल्यावर बसून हेडफोन लावता येत नाहीत, त्यांनी वाचून घ्या.

मार्च सुरू व्हायच्या आधी अकोल्याहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. वय असेल एकोणीस-वीस. मागे भांड्यांचा आवाज, कुणीतरी कुणाला तरी हाका मारतंय. तो म्हणाला, "दादा, तुमच्या इतिहासात घोडे लय येतात. बाजीरावाचे, पेंढाऱ्याईचे, इंग्रजाईचे. आमच्या घरी तीन गाढवं आहेत. त्याईचा काही इतिहास असते का नाही? आन् एक सांगा, गाढवाईचा दवाखाना असते काय? आमच्या एकाची पाठ लय खराब झाली."

मी हसलो. खोटं कायले बोलू? मेसेज एका मित्राला फॉरवर्ड केला, खाली हसण्याच्या तीन इमोजी टाकल्या. तोही हसला. आणि मग रात्री झोपताना मला आमचे आबा आठवले.

आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांचा टांगा होता. तुम्हाला माहीतच आहे, मुंबई-नागपूर रेल्वेची मुख्य लाईन अमरावतीतून जात नाही, ती बडनेऱ्यावरून जाते. त्यामुळे बडनेरा स्टेशनावर उतरलेला माणूस अमरावतीत आणायचा, हा पिढ्यान्‌पिढ्या चाललेला धंदा. आधी टांगे, मग ऑटो. आमच्या घरात दोन्ही झालं. टांगा सुटला आणि ऑटो आला त्यामागे एक घोडा आहे, त्याच्यावर मी पुढे येतो. पण त्या रात्री वाटलं, घोड्याच्या जिवावर ज्याच्या घरचा शिधा आला तो माणूस गाढवाच्या दवाखान्याला हसतोय. म्हणून हा भाग.

आधी त्या पोराच्या पहिल्या प्रश्नाचं बघू. गाढवाचा इतिहास असतो का? असतो की! पण तो बहुतेक शिवी म्हणून असतो. शाळेत मास्तरांनी आपल्यासाठी वापरलेला पहिला प्राणी हाच. शहाजीराजांची पुण्याची जहागीर १६३० च्या सुमारास आदिलशाही फौजेनं बेचिराख केली आणि तिथं गाढवाचा नांगर फिरवला, हे तुम्ही वाचलं असेल. नांगर कुणाचा, तर गाढवाचा, म्हणजे अपमान पूर्ण. त्याच्याही मागे जा. शिलाहारांच्या काळापासून महाराष्ट्रात 'गधेगाळ' नावाचे दगड सापडतात. राजानं जमीन दान दिली की दगडावर लेख कोरायचा आणि खाली शापाचं चित्र. हे दान जो मोडेल त्याच्या आईबद्दल गाढवावरून इतकं घाण काही, की मी इथं सांगत नाही. म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या दगडात गाढव आहे, पण धमकी म्हणून आहे. शीतला देवीचं वाहन गाढव आहे, एवढाच त्याला मान. बाकी म्हणी तुम्हाला पाठ आहेत. गुळाची चव, गीतेचं वाचन, अडलेला हरी.

आता अकोट. अकोला जिल्ह्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. पोळ्याला सगळं वऱ्हाड बैल सजवतं. शिंगं रंगवायची, झूल घालायची, तोरणाखाली उभे करायचे. अकोटला भोई समाजातली मंडळी पोळ्याला गाढवं सजवतात. त्यांना आंघोळ घालतात, अंगावर रंगाचे ठिपके, गळ्यात माळा, पुरणपोळीचा घास. त्या दिवशी गाढवाला काम नाही. टीव्हीवाले दरवर्षी येतात, 'आगळावेगळा पोळा' म्हणून दाखवतात, खाली हसऱ्या कमेंटा पडतात. मला त्यात आगळंवेगळं काही दिसत नाही. बैलाच्या जिवावर ज्याचं पोट चालतं तो बैलाला पुरणपोळी देतो. ज्याचं गाढवाच्या जिवावर चालतं तो गाढवाला देतो. हिशोब तोच.

दवाखान्याचा प्रश्न मात्र अवघड होता. त्यासाठी मला कापसापाशी जावं लागलं. वऱ्हाडातली कुठलीही गोष्ट कापसापाशी जाऊनच थांबते, त्यात नवल नाही.

इंग्रज अमरावतीचं स्पेलिंग जुन्या काळी 'उमरावती' असं काहीतरी करत. त्यावरून मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाच्या जातीला नावच पडलं, 'ऊमरा'. आपल्या गावाच्या नावानं इंग्लंडमध्ये गाठी विकल्या जात होत्या. १८५३ ला वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत रेल्वे भुसावळ, अकोला, बडनेरा करत नागपूरला पोहोचली. त्याआधी हाच कापूस बंजाऱ्यांच्या तांड्यांनी, बैलांच्या पाठीवर, महिनोन्‌महिने चालत नेलेला आहे. रेल्वे आली म्हणून जनावरांचं ओझं संपलं असं आपल्याला वाटतं. संपलं नाही. लांबचं ओझं रेल्वेनं घेतलं. शेतापासून जिनिंगपर्यंत, जिनिंगपासून स्टेशनापर्यंत, विटा, वाळू, माती, माणसं, हे सगळं तसंच राहिलं आणि शहरं वाढली तसं उलट वाढलं.

या कापसाच्या पैशातून मुंबईत जे लोक मोठे झाले त्यात एक दिनशा माणेकजी पेटिट. पारशी, आधी दलाल, मग कापड गिरण्यांचे मालक. अमेरिकन युद्धाच्या तेजीत त्यांनी बख्खळ कमावलं. आता १८७४ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी ९ मे रोजी मुंबईत पहिली ट्राम धावली. विजेवरची नव्हे, घोड्यांची! कुलाब्याहून पायधुणीपर्यंत. ज्या कंपनीनं ती चालवली तिच्या तबेल्यात ९०० घोडे होते म्हणतात. आणि त्याच १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरच्या क्रूरतेला आळा घालणारी संस्था स्थापन झाली. या दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंध होता असं मी कागदावर दाखवू शकत नाही, पण एकाच वर्षी झाल्या एवढं मला पुरेसं वाटतं. पुढे १८८० च्या दशकात पेटिटांनी परळला या संस्थेच्या हाती जागा दिली, पैसा दिला आणि जनावरांचा दवाखाना उभा राहिला. नाव दिलं बायकोचं, बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल. आजही ते परळला चालू आहे. २ ऑगस्ट १८८६ ला त्याच आवारात मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, पहिले प्राचार्य जे. एच. स्टील नावाचे इंग्रज पशुवैद्य. म्हणजे दवाखाना आधी आणि कॉलेज नंतर. आजारी जनावर समोर होतं म्हणून शिकवता आलं.

त्यामुळे त्या पोराला माझं पहिलं उत्तर असं होतं. असते भाऊ, आणि त्याच्या पायात तुझ्या-माझ्या वऱ्हाडाचाही कापूस आहे.

पण थांबा. मुंबईत जनावरांची सोय त्याआधीही होती. १८३२ मध्ये कंपनी सरकारनं भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला, त्यावर पारशी खवळले, दंगा झाला. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ ला, जमशेटजी जीजीभाई आणि गुजराती व्यापाऱ्यांनी मिळून मुंबईचा पांजरपोळ काढला. मग पांजरपोळ असताना दवाखाना कशाला?

यातच सगळी गोम आहे. पांजरपोळ किंवा आपलं गोरक्षण म्हणजे आसरा. म्हातारं, लंगडं, टाकून दिलेलं जनावर आणायचं आणि मरेपर्यंत सांभाळायचं. त्याच्याकडून काम घ्यायचं नाही. दवाखाना त्याच्या उलट आहे. तिथं जनावर येतं ते परत कामाला जाण्यासाठी. मालक बाहेर बसलेला असतो, त्याला ते संध्याकाळपर्यंत परत पाहिजे असतं. पहिल्या कामाला पुण्य म्हणणं सोपं आहे. दुसऱ्यात बरीच गुंतागुंत आहे, कारण बरं करून तुम्ही त्याला पुन्हा ओझ्याखालीच पाठवता.

वऱ्हाडात आसऱ्याची परंपरा मोठी आहे. अकोल्यात तर गोरक्षण रोड नावाचा अख्खा रस्ताच आहे. आणि गाडगेबाबा! २३ फेब्रुवारी १८७६ ला अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी परिटाच्या घरात जन्म. बाप लवकर गेला, मग मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला मामाकडे वाढले. तिथं ढोरं राखली, शेती केली. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाचं मटण आणि दारू त्यांनी बंद केली, गोड जेवण घातलं. पुढे आयुष्यभर देवापुढे बोकडं कापण्याविरुद्ध बोलत राहिले. मूर्तिजापूरला गोरक्षण काढलं. आणि लोकांसाठी जी दहा कामं सांगितली, भुकेल्याला जेवण, तहानेल्याला पाणी, त्यात मुक्या जनावरांना अभय हेही एक काम होतं. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर ते गेले. परिटाच्या घरात गाढव म्हणजे घरातला कमावता गडी. धुण्याचे गठ्ठे नदीवर न्यायचे आणि आणायचे त्यानंच. त्यामुळे बाबा 'मुकी जनावरं' म्हणायचे तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त गाय नसणार, असं मला आपलं वाटतं. मागे उरलेल्या आपण मात्र ती यादी गायीपाशीच आणून थांबवली.

(इथं छोटा ब्रेक होता.)

तर मार्चमध्ये मी अकोल्याला गेलो. शहराबाहेर मोर्णेच्या बाजूला वीटभट्ट्या आहेत, तिथं एका धर्मादाय संस्थेची गाडी काम करणाऱ्या जनावरांना फुकट तपासायला येणार होती. त्या पोरालाही बोलावलं होतं. नाव छापू नका म्हणाला, त्यामुळे आपण त्याला पोरगाच म्हणू.

सकाळी साडेसहा. गाडी म्हणजे साधी व्हॅन, मागचं दार उघडलं की आत औषधांचे खण. एक डॉक्टर मॅडम, एक मदतनीस काका, दोन बादल्या, दोर, घडीचं टेबल आणि रजिस्टर. मला वाटलं होतं आधी जखमा बघतील. नाही. आधी फक्त बघतात. जनावर लांबून चालत येताना कसं येतंय, कोणता पाय आखडून टाकतंय, कान कुठं आहेत. मग दात. तोंड उघडून दातांवरून वय सांगतात, मालकानं सांगितलेलं वय आणि दातांचं वय कधीच जुळत नाही, असं काका हसत म्हणाले. मग खूर उचलून बघायचे. गाढवाचे खूर घोड्यापेक्षा उभे आणि लहान असतात, ते कापले नाहीत तर चपलेसारखे पुढे वाढतात. ते कापायचे, कानशीनं घासायचे. हे काम सगळ्यात जास्त वेळ घेतं आणि फोटोत अजिबात चांगलं दिसत नाही.

पहिली आली ती वरातीची पांढरी घोडी. तुमच्या-माझ्या लग्नात नाचते ती. तिच्या खुराच्या तळव्यात कुजलं होतं, लांबूनच वास येत होता. ओल्या लिदीत उभं राहून होतं ते. मालक मात्र तिच्या डोळ्यांबद्दल सांगत होता. डीजेचे लाईट सुरू झाले की ती डोकं झटकते म्हणे. मॅडम म्हणाल्या, मी पण झटकते.

मग गाढवं. एका तासात पंधरा-सोळा झाली असतील. काय दिसलं ते सांगतो. तीन-चार जणांच्या नाकपुड्या वरपर्यंत चिरलेल्या. लहानपणीच चिरतात, त्यानं त्याला दम लागत नाही, जास्त हवा मिळते, असा समज. काही उपयोग नसतो, नुसता त्रास. एकाच्या मांडीवर डाग दिलेले, लंगडत होतं म्हणून तापलेल्या लोखंडानं. आणि पाठीच्या जखमांवर काळं, चिकट काहीतरी. मी विचारलं, हे काय? गाडीचं जळकं ऑईल. माश्या बसत नाहीत म्हणून लावतात. मॅडमनी कुणाला ओरडलं नाही. एक लिटर पाणी उकळून गार केलं, त्यात चहाचे दोन चमचे मीठ टाकलं आणि ऑईल पुसायला बसल्या. एक पाठ, वीस मिनिटं. मग धनुर्वाताचं इंजेक्शन. घोड्याच्या कुळाला धनुर्वात फार लवकर होतो, खिळा लागला, जखम झाली, की भीती.

एक गोष्ट मला तिथंच कळली. गाढव दुखणं दाखवत नाही. घोडा बिथरतो, लोळतो, लाथा मारतो. गाढव गप्प उभं राहतं. ईशान्य आफ्रिकेच्या कोरड्या मुलखातलं हे जनावर, माणसाळून सात हजार वर्षं होत आली. तिकडे जो दुखतंय म्हणून दाखवेल त्याला लांडगा-लकडबग्गा आधी हेरणार. म्हणून ते सोसत उभं राहतं आणि आपण म्हणतो, पाहा कसं मुकाट उभं आहे, काही झालं नाही त्याला. खाणं सोडलं की समजायचं प्रकरण हाताबाहेर चाललंय, कारण उपाशी गाढवाच्या अंगातली चरबी रक्तात उतरते आणि ते काही दिवसांत जाऊ शकतं. 'गाढवासारखं सहन करणं' हा शब्द आपण सहज वापरतो. मी त्यानंतर वापरलेला नाही.

मध्येच घोड्याच्या पोटदुखीचा विषय निघाला आणि मी मॅडमना आबांच्या मोतीबद्दल विचारलं. एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची गोष्ट. संध्याकाळी मोतीनं तोबरा सोडला. मग पोटाकडे मान वळवून बघायला लागला, पाय आपटायला लागला, घाम. आबांनी त्याला रात्रभर चालवला, गुळाचं पाणी, ओवा, जे माहीत होतं ते सगळं. जिथं न्यायला पाहिजे होता तिथं नेलाही. तिथल्या माणसानं सांगितलं, सकाळी आणा. सकाळी मोती नव्हता. पुढच्या वर्षी टांगा विकला, बाबांनी ऑटो घेतला. घरात ही गोष्ट नेहमी 'काळ बदलला' अशीच सांगितली गेली. मॅडम म्हणाल्या, घोड्याला उलटी होत नाही, त्याची रचनाच तशी आहे. पोटात जे अडकलं ते वरून निघत नाही, म्हणून त्याची पोटदुखी तासांची असते, दिवसांची नसते. रात्री कुणी नाकातून नळी घातली असती तर कदाचित. मी पुढं विचारलं नाही.

आता त्या पोराचं गाढव. करड्या रंगाचं, खांद्यावर काळी आडवी रेघ. कण्यावर तळहाताएवढी जखम, मध्ये खोल. बारीक अळ्या होत्या. मॅडमनी त्या काढल्या, धुतली, औषध भरलं. मग ते वाक्य आलं जे प्रत्येक दवाखान्यात येतं. "पंधरा दिवस याच्यावर ओझं टाकायचं नाही."

पोराचे वडील इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "पंधरा दिवस कोन देते मॅडम?"

उत्तर कुणाकडेच नव्हतं. भट्टीवर पैसे हजार विटांमागे मिळतात. सीझनच्या आधी उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. तीन गाढवांतलं एक उभं राहिलं तर तिसरा हिस्सा गेला आणि उरलेल्या दोघांवर ओझं वाढलं. म्हणजे पंधरा दिवसांनी तीच जखम दुसऱ्या पाठीवर.

कायदा काय म्हणतो ते मी घरी येऊन वाचलं. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याला प्रतिबंध करणारा कायदा आणि त्याखालचे १९६५ चे ओझ्याच्या जनावरांचे नियम. गाढवाच्या पाठीवर जास्तीत जास्त ५० किलो. तट्टाला ७०, खेचराला २००. मी एक वीट उचलून आणली होती, घरच्या काट्यावर ठेवली, २ किलो ८०० ग्रॅम भरली. म्हणजे कायद्याच्या गाढवावर १७ विटा. भट्टीवर किती होत्या ते मी मोजलं होतं, सांगत नाही, कारण तो आकडा सांगितला की तुम्ही त्या बापाला शिव्या द्याल. नियमांत असंही आहे की दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही, आणि जिथं पारा ३७ च्या वर जातो तिथं दुपारी १२ ते ३ काम नाही. राजेहो, अकोला! इथं मे महिन्यात ४५ ओलांडतं, ३७ म्हणजे आपल्याकडे मार्चमधली सुखाची दुपार. मला वाटलं हा नियम कुणी पाळत नसेल. पोराचे वडील फोनवर म्हणाले, "आमी तर पाचलाच सुरू करतो आन् अकराला बंद. बारा वाजता मीच उभा राहू शकत नाही, ते काय राहीन?" दिल्लीचा नियम उन्हानंच पाळून घेतला.

याच कायद्यात एक कलम आहे, ३५ वं. मॅजिस्ट्रेट आजारी जनावर सक्तीनं दवाखान्यात पाठवू शकतो, बरं होईपर्यंत. खर्च मालकानं द्यायचा. पण पुढे लिहिलंय की मालक गरीब असेल तर मॅजिस्ट्रेट उपचाराचा खर्च माफ करू शकतो. १९६० मध्ये कुणीतरी बसून हा विचार केला, हे वाचून मला बरं वाटलं. जनावराच्या औषधाचा खर्च माफ. त्या दिवसांत बुडालेल्या मजुरीचं मात्र कलम नाही.

बाहेरच्या जगात हा प्रश्न लोकांना पडला नव्हता असं नाही. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज फौजेनं आपले हजारो घोडे इजिप्तमध्येच विकून टाकले. १९३० च्या सुमारास डोरोथी ब्रुक नावाची एका फौजी अधिकाऱ्याची बायको कैरोला गेली आणि तिला ते म्हातारे घोडे गाड्यांना जुंपलेले दिसले. तिनं १९३१ ला लंडनच्या वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, पैसे जमले आणि तिनं जवळपास पाच हजार घोडे विकत घेतले. बहुतेक इतके संपलेले होते की त्यांना थोडे दिवस खायला घालून शांतपणे मरण द्यावं लागलं. पण १९३४ ला तिनं दवाखाना काढला तो कैरोच्या गाडीवानांच्या चालू घोड्या-गाढवांसाठी, फुकट. घोडा विकत घेतला की मालकाचा रोजगार जातो, हे तिला दिसलं असणार. तिच्या नावाची संस्था आज आपल्याकडेही काम करते.

आणि घोड्याचं आपल्यावरचं उपकार म्हणाल तर एकच सांगतो. कापसाच्या शेतात साप चावला की दवाखान्यात जी लस टोचतात ती घोड्याच्या रक्तातून बनते. हाफकिन संस्था त्यासाठी पिंपरीला घोडे पाळते. स्वतः हाफकिन परळला, साकरबाई हॉस्पिटलपासून फार लांब नाही. वऱ्हाडात किती जण त्या घोड्यांमुळे जिवंत आहेत, हे मोजायला कुणी बसत नाही.

आता एक आकडा, मग संपवतो. २०१२ च्या पशुगणनेत देशात गाढवं होती सुमारे ३ लाख २० हजार. २०१९ ला उरली १ लाख २० हजार. सात वर्षांत ६१ टक्के गेली. घोडे-तट्टूही ६ लाखांवरून साडेतीन लाखांच्या खाली आले. ट्रॅक्टर आले, टेम्पो आले, पोरं शिकली आणि भट्टीवर जाईनाशी झाली, हे सगळं चांगलंच आहे. चीनमध्ये गाढवाच्या कातड्यापासून औषध करतात, त्याची चोरटी खरेदीही जगभर चालते. त्यात ग्लँडर्स नावाचा रोग आहे, घोड्या-गाढवांचा, माणसालाही होऊ शकतो. रक्त तपासलं आणि तो निघाला तर जनावर मारावंच लागतं. भरपाई मिळते, पण त्या भीतीनं लोक रक्तच तपासू देत नाहीत.

कामाची गोष्ट. तुमच्या घरी किंवा गल्लीत असं जनावर असेल तर १९६२ नंबर लावा, तो सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय गाड्यांचा टोल फ्री नंबर आहे. अकोल्यात पशुवैद्यकीय पदव्युत्तर संस्था आहे, तिथं शिकणाऱ्या डॉक्टरांचा दवाखाना चालतो. गाढव नेलं म्हणून कुणी हसलं तर हसू द्या. मीही हसलो होतो.

त्या करड्या गाढवाचं काय झालं? पंधरा दिवस मिळाले नाहीत. सहा मिळाले. काकांनी जाता जाता एक युक्ती सांगितली होती. जुन्या वाकळेची जाड घडी करायची आणि जखमेच्या जागी भोक पाडायचं, म्हणजे ओझं कण्यावर न येता दोन्ही बाजूंच्या मांसावर येतं. पोराच्या आजीनं ती शिवली, नऊवारीच्या काठाचा तुकडा लावून. त्याचा फोटो आला माझ्याकडे. सातव्या दिवसापासून अर्ध्या विटा. रोज संध्याकाळी मिठाचं पाणी, ऑईल बंद.

परवा पुन्हा व्हॉइस मेसेज आला. "दादा, पाठ भरून राहिली. केस पण येऊन रायले. माझं नाव नका सांगू, पन त्याचं सांगा भागात. राजा नाव आहे त्याचं."

सांगितलं, भाऊ.